सोमवारचा गडद बँड

हे प्रकरण मुंबईतल्या एका जीवशास्त्र संशोधन संस्थेतलं आहे. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रयोगांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत. त्या काळात तिथल्या कल्चर रूमची, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीची, जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे मी हे लांबून पाहिलेलं नाही.

पार्श्वभूमी

मुग्धा (नाव बदललं आहे) पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात होती. विषय होता तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे आपल्याकडे या आजाराचे रुग्ण किती, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. तिच्या पेशी बाजारात मिळणाऱ्या नव्हत्या. एका रुग्णाच्या गालाच्या आतली गाठ शस्त्रक्रियेत काढली, तेव्हा त्याची लेखी संमती घेऊन सहयोगी प्रयोगशाळेने त्या वाढवल्या होत्या. सुरुवातीच्या पॅसेजच्या (म्हणजे थोड्याच वेळा नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या) पेशींच्या चार व्हायल, म्हणजे गोठवलेल्या कुप्या, थर्माकोलच्या डब्यात कोरड्या बर्फावर ठेवून टॅक्सीने आमच्याकडे आल्या, आणि तिथून पुढची सगळी वाढ आमची.

या कामाशी मुंबईचं नातं जुनं आहे. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतक संवर्धन (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभी केली. त्याआधी त्या हे तंत्र बाल्टिमोरला शिकून आल्या होत्या, तेही १९५१ मध्ये जिथे हेला पेशी (प्रयोगशाळेत सतत वाढत राहिलेली पहिली मानवी पेशीरेषा) पहिल्यांदा वाढल्या त्याच प्रयोगशाळेत. कल्चर रूममध्ये नवीन मूल आलं की मी त्याला हे आवर्जून सांगते.

मुग्धाचा प्रश्न सरळ होता. एक जनुक आहे, त्याला आपण 'क्ष' म्हणू. ते बंद केलं तर पेशीतली ऑटोफॅजी वाढते का? ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचेच जुने, मोडके भाग पिशवीत गुंडाळून लायसोसोममध्ये जिरवणं. हा शब्द क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९६३ मध्ये रूढ केला. त्यामागची जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टमध्ये शोधली आणि त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. उपासमार झाली की पेशी ऑटोफॅजी वाढवते. वाणसामान संपलं की घरातले मागचे डबे उघडले जातात, तसंच काहीसं. पोट भरलेलं आहे की नाही यावर एमटॉर नावाच्या प्रथिनाची नजर असते. अमिनो आम्लं पुरेशी असली की एमटॉर जागा राहतो आणि ऑटोफॅजी दाबून धरतो. त्यातही आर्जिनिन आणि ल्युसिन या दोन अमिनो आम्लांवर त्याचं विशेष लक्ष असतं. आर्जिनिनसाठी तर पेशीत वेगळे संवेदक आहेत. हे आर्जिनिन लक्षात ठेवा.

'क्ष' बंद करण्यासाठी तिने आरएनए हस्तक्षेपाची पद्धत वापरली. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये ती उलगडली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज सगळीकडे क्रिस्परचं नाव असलं तरी जनुक पूर्ण न कापता नुसतं दबवायचं असेल तेव्हा ही पद्धत अजूनही कामाला येते. जनुकाशी जुळणारा छोटा आरएनए लेंटिव्हायरस या वाहक विषाणूमधून पेशीत सोडायचा. तो व्हायरस एचईके २९३टी या पेशींमध्ये तयार करायचा, वरचं मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि कर्करोगाच्या पेशींवर घालायचं. तिने तेच केलं.

तुलनेसाठी लागणाऱ्या कंट्रोल पेशींत निरर्थक क्रमाचा आरएनए होता. त्या पेशी वर्षभर आधी एका सीनियर विद्यार्थिनीने बनवल्या होत्या. त्या चांगल्या वाढत होत्या, व्हायरस बनवायचा खर्च बराच असतो, म्हणून त्याच वापरायचं ठरलं. सीनियर त्या स्वतःच्या इनक्यूबेटरमध्ये, स्वतःच्या मीडियमवर वाढवायची आणि प्रयोगाच्या दिवशी मुग्धाला प्लेट आणून द्यायची.

निकाल देखणा आला. ब्लॉट या चाचणीत प्रत्येक प्रथिनाची पट्टी, म्हणजे बँड, उमटते; प्रथिन जास्त तर बँड गडद. 'क्ष' बंद केलेल्या पेशींत ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर असणाऱ्या एलसी३-टू या प्रथिनाचा बँड गडद, ऑटोफॅजीत जिरणारं पी६२ कमी, आणि एमटॉर काम करतो तेव्हा ज्याला फॉस्फेट चिकटतं ते एस६के हे प्रथिन फॉस्फेटविना. तिन्ही खुणा एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. गाईड सर खूश होते. लेख लिहून नियतकालिकाकडे गेला.

खटकणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट सोमवारची. मुग्धा कल्याणच्या पुढे राहायची. रविवारी मेगाब्लॉक असला की तिचं येणं अवघड व्हायचं, म्हणून ती शनिवारी दुपारी मीडियम बदलून जायची आणि सोमवारी सकाळी पेशी फोडून प्रथिनं काढायची. सोमवारचा एलसी३-टू चा बँड नेहमी जास्त गडद यायचा. बुधवार-गुरुवारचा फिका. कंट्रोल मात्र दोन्ही दिवशी सारखाच.

यावर गटाच्या बैठकीत चर्चा झाली होती आणि उत्तरही सापडलं होतं: 'क्ष' नसलेल्या पेशी उपासमारीला जास्त हळव्या असतात. ऐकायला इतकं पटणारं होतं की प्रबंधाच्या आराखड्यात त्यावर एक उपविभागच आला. त्या बैठकीला मीही होते आणि मान डोलावली होती.

दुसरी गोष्ट मीडियमच्या रंगाची. पेशी वाढल्या की आम्ल तयार होतं आणि मीडियममधला फिनॉल रेड लालवरून पिवळसर होतो. मुग्धाच्या प्लेट दोन दिवसांनीही गुलाबीच. "पेशी हळू वाढतायत" म्हणून आम्ही तो विषय तिथेच सोडला.

तिसरी गोष्ट खरी निर्णायक होती. 'क्ष' बंद केल्यामुळे ऑटोफॅजी वाढली असेल, तर 'क्ष' परत घातल्यावर ती उतरायला हवी. या प्रयोगाला आम्ही रेस्क्यू म्हणतो. 'क्ष' परत घातलं, प्रथिन तयार झालेलं ब्लॉटवर दिसलं, पण एलसी३-टू हललं नाही. सर म्हणाले, "एक्स्प्रेशन कमी पडतंय गं, दुसरा प्रमोटर लावून बघ." (एक्स्प्रेशन म्हणजे जनुकातून प्रथिन बनणं, आणि प्रमोटर म्हणजे ते किती बनेल हे ठरवणारा डीएनएचा तुकडा.) हा सल्ला चुकीचा नव्हता. अशा वेळी बहुतेक प्रयोगशाळांत हेच सांगतात. पण त्यामुळे तीन महिने दुसरा आणि तिसरा प्रमोटर लावण्यात गेले. या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय मी यालाच म्हणेन. रेस्क्यू फसला, तेव्हा रेस्क्यू का चालत नाही एवढंच आम्ही शोधत राहिलो. मूळ निकालाकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही.

तो पावसाळा होता. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये कल्चर रूमवाल्याला झोपेत बुरशी दिसते. एसीच्या झडपेला ओल धरते, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर काळे ठिपके उठतात, आणि एक दिवस फ्लास्कमध्ये कापसासारखा पुंजका तरंगताना दिसतो. आम्ही पुठ्ठे बाहेर काढले, इनक्यूबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर तीन दिवसांनी बदललं, हूड, म्हणजे गाळलेल्या हवेत पेशी हाताळायची पेटी, पुसपुसून लख्ख ठेवला. बुरशी आली नाही. त्यामुळे आपली खोली स्वच्छ आहे असं आम्ही धरून चाललो.

उलगडा

एका सोमवारी मुग्धाने, कुणी न सांगता, तीनपैकी एका प्लेटला आधी ताजं मीडियम दिलं, चार तास थांबली आणि मग पेशी फोडल्या. त्या प्लेटचा बँड जवळजवळ कंट्रोलइतका फिका आला. दुसऱ्या दिवशी ती दोन प्लेट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"ताई, ही सीनियरची, ही माझी. दोन्ही शनिवारच्या. रंग बघा ना."

एक नारिंगी-पिवळी, एक गुलाबी. त्या वेळी मला कळायला हवं होतं ते कळलं. मी तिला डॅपीने रंगवलेल्या पेशींच्या मूळ फाइली उघडायला सांगितल्या. लेखातली चित्रं नकोत, सूक्ष्मदर्शकातून आलेल्या कच्च्या फाइली हव्यात, म्हटलं. डॅपी डीएनएला चिकटतो, म्हणून केंद्रकं निळी दिसतात. आम्ही ब्राइटनेस वाढवला. केंद्रकांभोवती, जिथे काळं असायला हवं तिथे, निळ्या रांगोळीचे बारीक कण सांडल्यासारखे दिसले. लेखासाठी चित्र "स्वच्छ" करताना मागची पातळी खाली खेचली होती आणि त्यात हे कण बुडाले होते. व्हायरस घातल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या फाइलीतही ते होते. कंट्रोलच्या एकाही फाइलीत नव्हते.

मायकोप्लाझ्मा या जिवाणूंच्या १६एस जनुकासाठी पीसीआर (ठरावीक डीएनएच्या प्रती वाढवून तो आहे का ते पाहणारी चाचणी) केलं. मुग्धाच्या पेशी पॉझिटिव्ह. व्हायरस बनवायला वापरलेल्या २९३टी पॉझिटिव्ह. नंतर एकाच बाटलीतलं मीडियम वापरल्यामुळे मूळ, न बदललेल्या पेशींचा चालू साठाही पॉझिटिव्ह. सीनियरचा कंट्रोल निगेटिव्ह. सीक्वेन्सिंगमधून प्रजातीचं नाव आलं: मायकोप्लाझ्मा ओराले.

मायकोप्लाझ्मा हे फार लहान जिवाणू आहेत. त्यांना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे भित्तिकेवर घाव घालणारं पेनिसिलिन त्यांना लागू पडत नाही. भित्तिका नसल्यामुळे ते लवचीक असतात आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतात, मग ०.४५ ची काय कथा. एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींपर्यंत असले तरी मीडियम गढूळ होत नाही. पेशी मरत नाहीत, नुसत्या जरा मंदावतात. पेशींच्या कल्चरमध्ये ते सापडल्याची पहिली नोंद १९५६ ची आहे. म्हणजे हा धोका काही आमच्यापासून सुरू झालेला नाही.

ओराले ही प्रजाती माणसाच्या तोंडात राहते आणि ऊर्जेसाठी आर्जिनिन खाते. आर्जिनिन फोडताना अमोनिया तयार होतो, म्हणून मीडियम गुलाबीच राहिलं. आर्जिनिन संपलं की एमटॉर झोपतो, एस६के वरचं फॉस्फेट जातं, ऑटोफॅजी उसळते. शनिवार ते सोमवार जेवढं मीडियम जुनं, तेवढं आर्जिनिन कमी आणि बँड गडद. 'क्ष' परत घालून काही फरक पडणं शक्यच नव्हतं. मुग्धाने जे मोजलं ते खरं होतं, फक्त श्रेय भलत्याला गेलं. प्रयोगाच्या आणि कंट्रोलच्या पेशींत 'क्ष' सोडून आणखी एक फरक होता, आणि तो आम्हीच व्हायरससोबत घातला होता.

समोरचे पर्याय

शनिवारी दुपारी आम्ही चौघं बसलो: सर, मुग्धा, सीनियर आणि मी. फेलोशिप संपायला आठ महिने होते आणि लेख परीक्षकांकडे होता.

एक पर्याय कुणीतरी दबक्या आवाजात मांडला: यापुढचे प्रयोग स्वच्छ पेशींवर करायचे, पण छापायला गेलेलं आहे ते जाऊ द्यायचं. ज्याने हे म्हटलं त्याला मी वाईट माणूस समजत नाही. मुग्धाची चार वर्षं समोर टेबलावर होती. त्यावर मुग्धाच म्हणाली, "सर, उद्या कुणी हा प्रयोग करून बघितला आणि त्याला नाही आलं तर?" त्यानंतर तो पर्याय पुन्हा निघाला नाही.

दुसरा पर्याय औषधाचा. मायकोप्लाझ्मा घालवणारी प्रतिजैविकं मिळतात. टायमुलिन आणि मिनोसायक्लिन आलटून पालटून, किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन आठवडे किंवा अधिक द्यायचं. मग औषध थांबवून दोन आठवडे पेशी तशाच वाढवायच्या आणि पुन्हा तपासायचं. दुसरा साठाच नसेल तेव्हा हा मार्ग घ्यावाच लागतो. आमची अडचण विषयाची होती. मिनोसायक्लिन टेट्रासायक्लिनच्या कुळातलं, आणि ही औषधं मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिननिर्माणही दबवतात. मोडके मायटोकॉन्ड्रिया जिरवणं हेच ऑटोफॅजीचं एक मोठं काम. म्हणजे एक गोंधळ काढून दुसरा घालायचा. शिवाय औषधातून तगलेल्या पेशी मूळ पेशींसारख्याच असतील याची खात्री नाही.

तिसरा पर्याय म्हणजे सगळं टाकून उरलेल्या मूळ व्हायलकडे परत जायचं. भीती एकच होती. द्रव नायट्रोजनमध्ये मायकोप्लाझ्माही पेशींइतकाच सुखाने टिकतो. त्या व्हायलही दूषित निघाल्या तर? आणि तपासायची म्हणजे एक व्हायल खर्ची घालायची. त्या रुग्णाकडे पुन्हा जाऊन मागण्यासारखी ही वस्तू नव्हती.

आम्ही तिसरा पर्याय निवडला आणि दुसरा हाताशी ठेवला. मूळ व्हायल दूषित निघाली तरच औषध.

काय केलं

लेख मागे घेतला. संपादकांना पत्र सरांनी स्वतः लिहिलं आणि कारण स्पष्ट लिहिलं. दूषित पेशी, त्या वेळी उघडलेल्या मीडियमच्या आणि ट्रिप्सिनच्या बाटल्या ऑटोक्लेव्ह करून टाकल्या. इनक्यूबेटर रिकामे करून आतून पुसले आणि निर्जंतुक केले. बाजूच्या खोलीतला जुना हूड दुरुस्त करून तिथे विलगीकरण सुरू केलं. बाहेरून आलेली किंवा गोठवलेली कुठलीही व्हायल आधी तिथे.

एक व्हायल उघडली. प्रतिजैविकांशिवाय दोन आठवडे वाढवली, कारण औषध असलं की मायकोप्लाझ्मा दबून राहतो आणि तपासणीत निसटतो. पीसीआर आणि डॅपी, दोन्ही निगेटिव्ह. त्या दिवशी मुग्धा कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली. त्या व्हायलच्या पेशींतून वीस व्हायलचा नवा साठा केला, आणि ओळख पक्की करण्यासाठी एसटीआर तपासणी करून रुग्णाच्या मूळ नमुन्याशी जुळवून घेतली. बाकीच्या मूळ व्हायलना हात लावला नाही.

मग प्रयोग नव्याने. या वेळी 'क्ष' बंद करणारे दोन वेगवेगळे आरएनए घेतले. कंट्रोलचा व्हायरस त्याच दिवशी, त्याच २९३टी पेशींच्या नव्या, तपासलेल्या साठ्यातून बनवला. सगळ्या पेशी एकाच इनक्यूबेटरमध्ये वाढल्या. ऑटोफॅजी मोजताना बॅफिलोमायसिन (लायसोसोममधलं जिरवणं थांबवणारं रसायन) देऊन आणि न देऊन, दोन्ही प्रकारे मोजलं, म्हणजे पिशव्या जास्त बनतायत की जिरत नाहीयेत हे वेगळं कळतं. दोन उलट प्रयोगही केले. स्वच्छ पेशींना आर्जिनिन नसलेलं मीडियम दिलं. आणि शेवटचा एक दूषित फ्लास्क विलगीकरणाच्या खोलीत सीलबंद ठेवला होता, त्याला वरून जास्तीचं आर्जिनिन दिलं.

माझ्या मते सर्वांत अवघड काम पत्रांचं होतं. आमच्या दूषित साठ्यातून गेल्या वर्षभरात तीन प्रयोगशाळांना व्हायल गेल्या होत्या. तिघांनाही मी फोन केला आणि मग लेखी कळवलं.

काय निष्पन्न झालं

स्वच्छ पेशींत 'क्ष' बंद केल्यावर ऑटोफॅजीत फरक आला नाही. बॅफिलोमायसिन देऊन नाही, न देऊनही नाही. आर्जिनिन काढलं की एलसी३-टू चा तोच जुना गडद बँड आला, 'क्ष' असो वा नसो. दूषित फ्लास्कला जास्तीचं आर्जिनिन दिल्यावर बँड उतरला. दोन वर्षांचं मुख्य निरीक्षण आम्ही असं स्वतःच्या हाताने समजून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

सगळंच गेलं असं नाही. जुन्या प्रयोगांत 'क्ष' नसलेल्या पेशी प्लेटवर ओरखडा काढून मोकळी केलेली जागा सरकत येऊन भरायला उशीर लावतात असं दिसलं होतं. तेव्हा ते दुय्यम म्हणून मागे टाकलं होतं. स्वच्छ पेशींत ते टिकलं, दोन्ही आरएनएंनी टिकलं आणि रेस्क्यूही चालला. प्रबंध पेशींच्या सरकण्यावर लिहिला गेला. त्यात एक पूर्ण प्रकरण मायकोप्लाझ्मावर आहे, मुग्धाच्या आग्रहाने. सबमिशनला सात महिने उशीर झाला. त्यातले शेवटचे काही महिने तिने शिकवण्या घेऊन काढले. हे मला अजूनही लागतं, कारण किंमत तिने मोजली आणि चूक आम्हा सगळ्यांची होती.

वेगळं काय करता आलं असतं

तपासणीचं वेळापत्रक आमच्याकडे नव्हतं, आणि ते ठरवणं माझं काम होतं. आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाढत्या पेशीरेषेचं पीसीआर होतं. महागडं किट दर वेळी लागत नाही. साधे प्रायमर, एक खात्रीचा पॉझिटिव्ह नमुना आणि पीसीआर अडलेलं नाही हे दाखवणारा अंतर्गत कंट्रोल एवढ्यावर भागतं. व्हायरस बनवायच्या पेशी तर प्रत्येक वेळी आधी तपासायच्या. तिथली चूक एका फ्लास्कमध्ये थांबत नाही, व्हायरसबरोबर पोहोचेल तिथे पोहोचते.

पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन रोजच्या मीडियममधून आम्ही काढलं. ते असताना निष्काळजी हातही खपून जातो. काढल्यावर पहिल्या महिन्यात दोन फ्लास्क गढूळ झाले, आणि हूडमध्ये कुणाचा हात घाईचा आहे ते दिसलं.

ओराले तोंडातून आलं हे नक्की. कुणाच्या, ते कधीच कळणार नाही आणि शोधायचंही नाही. कोविडच्या काळात सगळे मास्क लावून काम करत होते. नंतर ते सुटले आणि हूडसमोर गप्पा सुरू झाल्या. आता हूडवर बसताना मास्क लावायचा आणि बोलायचं नाही. प्रत्येक पेशीरेषेला मीडियमची स्वतंत्र बाटली, झाकणावर नाव.

कंट्रोलबाबत मी आता हट्टी झाले आहे. ज्या दिवशी, ज्या पेशींत, ज्या हाताने प्रयोगाचा व्हायरस बनतो, त्याच वेळी कंट्रोलचा बनला पाहिजे. जुना कंट्रोल वापरून वाचवलेले पैसे आम्हाला कितीतरी पटींनी भरावे लागले. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तो कंट्रोल वेगळा आणि स्वच्छ होता म्हणूनच फरक इतका उठून दिसला. दोन्ही बाजू सारख्याच दूषित असत्या तर काहीच दिसलं नसतं, आणि आम्ही अजूनही त्याच पेशींवर काम करत असतो.

सोमवारच्या बँडचं काय करायला हवं होतं यावर माझं आणि सरांचं आजही एकमत नाही. ते म्हणतात, दिवसागणिक बदलणारा निकाल दिसताच थांबायला हवं होतं. मला वाटतं थांबण्याची जागा रेस्क्यूची होती. सोमवारच्या फरकाला निदान एक शक्य कोटीतलं स्पष्टीकरण होतं, रेस्क्यू फसण्याला तेही नव्हतं. गटाच्या बैठकीत आता एक प्रश्न ठरलेला आहे: हा निकाल तुमच्या जनुकाशिवाय आणखी कशाने येऊ शकतो? उत्तर देणाऱ्याने किमान दोन कारणं सांगायची आणि त्यातलं एक तपासून दाखवायचं.

ज्या तीन प्रयोगशाळांना व्हायल गेल्या होत्या त्यातल्या दोघांनी उत्तर दिलं. एकाकडे तपासणीत पॉझिटिव्ह निघालं आणि त्यांनी आमच्या नव्या साठ्यातून पेशी नेल्या. दुसऱ्यांनी व्हायल उघडलीच नव्हती, ती न उघडता नष्ट केली. तिसऱ्यांकडून उत्तर आलेलं नाही. बाहेर गेलेल्या पेशींची आम्ही आता एक नोंदवही ठेवतो आणि त्यात त्यांच्या नावापुढचा रकाना रिकामा आहे. दर सहा महिन्यांनी मी त्यांना पुन्हा लिहिते.